स्ट्रीट फायटरचे पाठभेद

आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोर १९९२ च्या पावसाळ्यात एक व्हिडिओ गेम पार्लर निघाले. पार्लर म्हणजे पत्र्याची शेड, लाकडी खोक्यांत बसवलेली चार यंत्रे, दाराला मळका पडदा आणि गल्ल्यावर अण्णा. रुपयाला एक टोकन. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. बारावीनंतर शिक्षण सुटले होते आणि शेजारच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मी हाताखाली काम करत होतो. यंत्र बंद पडले की अण्णा मला हाक मारत. त्यामुळे माझी या खेळाशी ओळख खेळाडू म्हणून कमी आणि पान्हा-पकड घेऊन मागच्या बाजूने जास्त झाली.

चारातल्या एका यंत्रावर कायम गर्दी असायची. पोरे त्याला ‘फायटर’ म्हणत. पांढऱ्या कपड्यांतला एक गडी दोन्ही तळहात पुढे करून निळा गोळा सोडतो आणि काहीतरी ओरडतो. ते ओरडणे आमच्याकडे ‘आबुकेन’ असे ऐकू येई. मूळ शब्द ‘हादोकेन’ आहे हे कळायला मला बारा वर्षे लागली. त्या यंत्रावर हा आबुकेन सरळ जात नसे. संथपणे वाकडातिकडा होत तो समोरच्याच्या मागे लागे, एकामागून एक पाच-सहा गोळे पडद्यावर तरंगत आणि गडी हवेत उडी मारूनही ते सोडू शके. खेळता खेळता स्टार्टचे बटण दाबले की माणूसच बदले. रयू होता तो क्षणात चुन-ली होई. आमच्या दृष्टीने खेळ हाच होता.

२००४ च्या सुमारास सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून वाचताना मला समजले की खऱ्या खेळात यातले काहीच नाही. अण्णांच्या शेडमध्ये होती ती चोरटी प्रत होती. कुणीतरी मूळ चिपमधला मजकूर उतरवून घेतला, त्यात मनाला येईल तसे फेरफार केले आणि नव्या चिपांवर भरून विकला. जगभर ही प्रत ‘रेनबो एडिशन’ या नावाने ओळखली जाते. एखाद्याने लहानपणापासून पाठ केलेले स्तोत्र निम्मे प्रक्षिप्त निघावे, तसे मला झाले. पुढची वीस वर्षे मी फावल्या वेळात जे वाचत आलो त्याचे मूळ या धक्क्यात आहे.

प्रक्षिप्त हा शब्द मी मुद्दाम वापरतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि पुढच्यांना आपल्या ओव्या त्यात घुसडू नका असे बजावले. भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या पोथ्या ताडून चिकित्सक आवृत्ती काढली. पोथी आणि खेळ यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण मूळ कोणते, मागाहून आलेले कोणते आणि मागाहून आलेल्याने मुळालाच कसे बदलले, हे प्रश्न मला या खेळाबाबत पडले तेव्हा विचारायची रीत आपल्याकडे आधीच तयार होती, एवढेच म्हणायचे आहे.

आता मुळाकडे. खेळाच्या नावात ‘दोन’ आहे, म्हणजे आधी एक होता. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने १९८७ मध्ये ‘स्ट्रीट फायटर’ काढला. दिग्दर्शक ताकाशी निशियामा, आखणी हिरोशी मात्सुमोतो यांची. निशियामांनी आधी इरेम कंपनीत ‘कुंग-फू मास्टर’ केला होता. नव्या खेळात त्यांनी एक आगळी गोष्ट बसवली. बटणांऐवजी हवेच्या दाबावर चालणाऱ्या दोन मोठ्या रबरी गाद्या. एक ठोशाची, एक लाथेची. गादीवर जितक्या जोराने हात आपटाल तितका जोराचा ठोसा. कल्पना कागदावर झकास होती, पण माणसाचा हात आणि यंत्राची गादी दोन्ही लवकर दमतात. म्हणून दुसरी, स्वस्त रचना आली. ठोशाची तीन बटणे, लाथेची तीन. हलका, मध्यम, जोरदार. पुढे हजारो यंत्रांवर जी सहा बटणे रूढ झाली ती अशी एका फसलेल्या गादीची उरलेली खूण आहेत.

या पहिल्या खेळात हादोकेन होता, शोर्युकेनही होता. पण हे डाव साधणे जवळपास नशिबावर अवलंबून असे. दांडी खाली, तिरकी, पुढे अशी फिरवून त्याच क्षणी बटण दाबायचे आणि यंत्राची अपेक्षा इतकी काटेकोर की दहातले नऊ वेळा काही घडतच नसे. खेळ बऱ्यापैकी चालला. निशियामा आणि मात्सुमोतो दोघेही पुढे एसएनके या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले आणि १९९१ मध्ये त्यांनी ‘फेटल फ्युरी’ काढला. म्हणजे पहिल्या भागाचे कर्ते दुसऱ्या भागाचे प्रतिस्पर्धी झाले. नाटक मंडळ्यांच्या इतिहासात आपल्याला हे नवे नाही.

दुसऱ्या भागाची सूत्रे योशिकी ओकामोतो यांच्याकडे आली. हे कोनामीतून आलेले. त्यांच्या हाताखाली आकिरा निशितानी खेळाची आखणी करणारे आणि आकिरा यासुदा, ज्यांना सारे आकिमान म्हणतात, ते चित्रकार. या मंडळींनी आधी जो खेळ केला त्याचे नाव सुरुवातीला ‘स्ट्रीट फायटर ८९’ असे होते. पण तो जोडीने रस्त्यावरून चालत गुंडांना बडवण्याचा खेळ होता, पहिल्याशी त्याचे काही साम्य नव्हते, म्हणून नाव बदलून ‘फायनल फाइट’ झाले. तो गाजला आणि मग त्याच संघाने खरा दुसरा भाग हाती घेतला. सुमारे दोन वर्षे आणि पस्तीस-चाळीस माणसे लागली. मार्च १९९१ च्या आसपास ‘स्ट्रीट फायटर दोन’ जपानच्या गेम सेंटरांत उभा राहिला.

ज्या बोर्डावर तो चालतो तो मी उघडून पाहिला आहे. मोटोरोलाचा ६८००० हा प्रोसेसर, १० मेगाहर्ट्झ वेगाचा. आवाजासाठी निराळा झेड-८० आणि यामाहाची चिप. चित्रांसाठी ६ मेगाबाइट जागा. आजच्या फोनमधला एक फोटो याहून मोठा असतो. एवढ्याच जागेत बारा माणसे, त्यांच्या प्रत्येक हालचालीची चित्रे, देशोदेशीची पार्श्वभूमी आणि सगळी अक्षरे बसवायची. चित्र सोळा बाय सोळा ठिपक्यांच्या चौकोनी तुकड्यांत फोडलेले असते आणि तेच तुकडे फरश्यांसारखे पुन्हा पुन्हा जोडून आकृती उभी राहते. कोणत्या पात्राला किती फरश्या, याचा हिशोब कागदाच्या तक्त्यांवर मांडला जाई आणि मोकळ्या चौकोनांवरून ओढाताण चाले. जागेची ही टंचाई खेळात ठायी ठायी दिसते. रयू आणि केन यांचे अंग एकच आहे, डोके बदलले आहे. चित्र वाचवायचे म्हणून माणूस दुसऱ्या बाजूला वळला की तेच चित्र आरशासारखे उलटते. त्यामुळे थायलंडच्या सागातच्या डोळ्यावरची पट्टी तो वळताच दुसऱ्या डोळ्यावर जाते आणि स्पॅनिश गड्याचा पंजा या हातातून त्या हातात. शेडमध्ये आम्ही हे रोज पाहत होतो आणि कोणालाही खटकत नव्हते.

टंचाईचा सर्वांत मजेशीर किस्सा शीर्षकाचा आहे. खेळाचे उपशीर्षक ‘द वर्ल्ड वॉरियर’. मुदत संपायला तीनच दिवस राहिले असताना आकिमान यांच्या लक्षात आले की ‘वॉरियर’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ओच्या जागी ई पडला आहे. चित्रांच्या चिपा पक्क्या झाल्या होत्या, नवे अक्षर काढायला वाव नव्हता. फक्त आधी काढलेल्या फरश्या कुठे ठेवायच्या हे प्रोग्राममधून बदलता येत होते. तेव्हा त्यांनी असलेल्याच चित्रांतून ठिगळ शोधले. गाइल या अमेरिकन सैनिकाच्या पायाच्या चित्रातला एक बारीक तुकडा अक्षरावर चिकटवून चूक झाकली. जगभर कोट्यवधी लोकांनी पाहिलेल्या त्या मथळ्यात एका सैनिकाची पोटरी दडलेली आहे. मुद्रणदोष दुरुस्त करण्याची याहून वेगळी तऱ्हा मला माहीत नाही.

पण हा खेळ मोठा झाला तो चित्रांमुळे नव्हे. त्यासाठी आत काय चालते ते थोडे सांगायला हवे. पडद्यावरचे चित्र सेकंदाला सुमारे साठ वेळा बदलते. प्रत्येक बदलाला फ्रेम म्हणतात. आपल्याला दिसतो तो गडी, पण यंत्राला दिसतात अदृश्य चौकटी. अंगावर काही चौकटी मार खाणाऱ्या, आणि ठोसा निघाला की मुठीवर मार देणारी एक चौकट. माझी देणारी तुमच्या खाणाऱ्यावर आली की फटका लागला. प्रत्येक ठोशाचे तीन भाग. हात निघतो, लागू शकतो, मागे येतो. हलका ठोसा चटकन निघून चटकन परततो, पण इजा थोडी. जोरदार ठोशाला वेळ लागतो आणि तो हुकला तर परत येईपर्यंत तुम्ही उघडे. म्हणजे सहा बटणे ही सहा निरनिराळी उधारी आहे, जास्त हवे असेल तर जास्त वेळ गहाण ठेवा. त्यावर आणखी एक त्रिकोण. मार अडवता येतो, अडवणाऱ्याला जवळ जाऊन उचलून आपटता येते, आणि आपटायला येणाऱ्याला मारता येते. तालमीत दोन पैलवान खडाखडी करत अंतर जोखतात, तेच इथे चालते. चांगले खेळाडू बराच वेळ काहीच करत नाहीत, नुसते पुढे-मागे होतात.

निशितानींच्या संघाने एक सुधारणा केली तिचे मोल मला फार वाटते. पहिल्या भागातला काटेकोरपणा त्यांनी सैल केला. दांडी थोडी चुकली, बटण क्षणभर मागेपुढे दाबले गेले तरी यंत्र समजून घेते. या समजूतदारपणामुळे एक फट राहिली. साधा ठोसा निघाल्यावर पहिल्या काही फ्रेमांत जर विशेष डावाची खूण आली तर यंत्र ठोसा अर्धवट सोडून डाव सुरू करते. आता जोड द्या या गोष्टीची की ज्याला ठोसा लागला तो काही फ्रेम सुन्न असतो, अडवू शकत नाही. म्हणजे ठोसा लागला, तो सुन्न आहे, तेवढ्यात हादोकेन. समोरच्याला सुटका नाही. याला पुढे ‘कॉम्बो’ हे नाव पडले.

असे काही घडू शकते हे निर्मात्यांच्या ध्यानात आले ते योगायोगाने. खेळात मध्येच एक मोटार फोडण्याचा टप्पा येतो. तो तपासताना नोरिताका फुनामिझु यांना दिसले की दोन ठोशांच्या मध्ये आणखी फटके बसू शकतात. वेळ साधणे इतके अवघड होते की प्रत्यक्ष खेळात याचा कोणाला उपयोग होईल असे त्यांना वाटले नाही. काढून टाकण्याऐवजी त्यांनी ते गुपचूप राहू दिले. आज लढतीच्या कोणत्याही खेळाचा कणा म्हणजे कॉम्बो. त्यानंतरच्या प्रत्येक निर्मात्याने जी गोष्ट ठरवून रचली, ती पहिल्यांदा कोणी रचलेली नव्हती.

पात्रांविषयी लिहावे तितके थोडे. चुन-लीबाबत मुख्य मंडळींपैकी एकाचे मत होते की बाई अंगाने कमी ताकदीची, तेव्हा तिची जीवनरेषा इतरांहून आखूड ठेवावी. दुसऱ्याने ते मानले नाही. रेषा सारखी राहिली. अण्णांच्या शेडमध्ये मुलींना प्रवेश होता असे नाही, पण तिथली अर्धी पोरे बाईमाणूस निवडून बाप्यांना बडवत, हे मी पाहिले आहे. संगीत बहुतेक सगळे योको शिमोमुरा या तरुणीचे. गडी मरायला टेकला की चाल द्रुत होते, हे शेडबाहेर उभ्या माणसालाही कळे आणि तो पडदा सारून आत येई.

आणि धालसिम. भारताचा प्रतिनिधी. टकला, अंगावर हाडाला चिकटलेली कातडी, गळ्यात तीन कवट्या, तोंडातून आग. हातपाय रबरासारखे पडदाभर लांबतात. १९७६ च्या ‘मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन’ या हाँगकाँग-तैवानकडच्या चित्रपटात हात लांबवणारा एक भारतीय योगी आहे, तो पाहिला की धालसिमचे आजोळ कळते. त्याच्या मागे महाल, हत्तींच्या रांगा आणि भिंतीवर गजाननाचे चित्र. कवट्या म्हणे गावात रोगराईने दगावलेल्या लेकरांच्या, आणि हा लढतो तो गावासाठी पैसे जमवायला. भूक, जादू आणि हत्ती यापलीकडे ओसाकातून भारत दिसला नाही, अशी तक्रार करता येईल. मीही केली असती. पण ब्राझीलचा माणूस हिरवा राक्षस आहे आणि रशियाचा अस्वलांशी कुस्ती खेळतो हे पाहिल्यावर ती तक्रार जरा बोथट होते. शिवाय खेळ म्हणून पाहिले तर आठांत सर्वांत स्वतंत्र बुद्धीचे पात्र तेच आहे. लांबचा हात म्हणजे लांबवर मार देणारी चौकट, पण हातावर मार खाणारी चौकटही तितकीच लांब जाते. ज्याला अंतर कळते त्याच्याच हाती धालसिम शोभतो. धालसिमच्या बायकोचे नाव सारी आणि मुलाचे नाव दत्ता, हे मला कळले तेव्हा मी शेजारच्या दत्ताला हाक मारून सांगितले. त्याला विशेष काही वाटले नाही.

मूळ पाठ स्थिर होता असेही नाही. जपानी आवृत्तीत मुष्टियोद्ध्याचे नाव एम. बायसन. चेहरा माइक टायसनसारखा, नावही तसेच. अमेरिकेत खटला होईल या धास्तीने तीन प्रमुखांची नावे फिरवली. मुष्टियोद्धा झाला बालरॉग, पंजावाला वेगा आणि हुकूमशहा झाला बायसन. आजही जपानी आणि इतर खेळाडू एकत्र आले की नावाऐवजी ‘बॉक्सर’, ‘पंजा’, ‘हुकूमशहा’ म्हणून वेळ भागवतात.

भाषांतराची चूक याहून दूर गेली. जिंकल्यावर रयू एक वाक्य बोलतो. त्याचा जपानी आशय असा की शोर्युकेनवर मात केल्याशिवाय तुला जय मिळणार नाही. शोर्युकेन म्हणजे उसळत्या ड्रॅगनचा ठोसा. इंग्रजी करणाऱ्याने त्यातली पहिली दोन अक्षरे चिनी उच्चाराने वाचली आणि ‘शेंग लाँग’ नावाचा माणूसच निर्माण झाला. शेंग लाँगला हरव, मग बोल. अमेरिकेतली पोरे हा शेंग लाँग शोधू लागली. ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ या मासिकाने एप्रिल १९९२ च्या अंकात एप्रिल फूल म्हणून त्याला गाठायची कृतीच छापली. एकही फटका न खाता शेवटपर्यंत जा, मग तो येऊन हुकूमशहाला बाजूला फेकतो आणि तुमच्याशी लढतो. लोकांनी ते खरे मानले. १९९४ च्या ‘सुपर टर्बो’ आवृत्तीत कॅपकॉमने एक गुप्त पात्र घातले, गोकी, बाहेरच्या जगात अकुमा. तो शेवटी अचानक येतो, हुकूमशहाला संपवतो आणि तुमच्याशी लढतो. भाषांतराच्या चुकीतून थट्टा आणि थट्टेतून पात्र. व्युत्पत्तीच्या नादी लागलेल्यांना अशी उदाहरणे क्वचित मिळतात.

आता रेनबो एडिशन. १९९२ मध्ये कॅपकॉमने ‘चॅम्पियन एडिशन’ काढली. तीत चारही प्रमुख खेळायला मिळाले आणि दोघांना एकच पात्र घेता येऊ लागले. याच आवृत्तीच्या चिपा उतरवून तैवानकडे फेरफार केलेल्या प्रती तयार झाल्या आणि जगभर पसरल्या. त्या प्रतींत तोल नावाची गोष्ट नव्हती. पण वेग होता, आणि काय होईल याचा नेम नव्हता. अमेरिकेतल्या कॅपकॉममध्ये जेम्स गोडार्ड यांनी पाहिले की अस्सल आवृत्तीला लोक कंटाळू लागलेत आणि नकलेभोवती गर्दी आहे. वेग वाढवा, असा आग्रह त्यांनी ओसाकाकडे धरला. मूळ संघाला आपला वेगच योग्य वाटत होता. अखेर डिसेंबर १९९२ मध्ये ‘टर्बो’ निघाली. ती जलद होती, धालसिम तीत गुप्त होऊन दुसरीकडे प्रकटू लागला आणि रयू-केन आपली भिरभिरती लाथ हवेतही मारू लागले. हवेतले डाव! शेडमधली पोरे हे त्याच सुमारास चोरट्या प्रतीवर करतच होती. प्रक्षेप मूळ संहितेत शिरला, आणि तोही मूळ ग्रंथकर्त्यांच्या हातून.

मग डाव कोणाच्या मालकीचा? हा प्रश्न कोर्टातही गेला. डेटा ईस्ट कंपनीने १९९३ मध्ये ‘फायटर्स हिस्टरी’ काढला. तो स्ट्रीट फायटरची नक्कल असल्याचा दावा कॅपकॉमने कॅलिफोर्नियात केला. १९९४ मध्ये तो फेटाळला गेला. साम्य आहे, पण ठोसे, लाथा आणि लढवय्यांचे ठरीव नमुने कोणा एकाच्या हक्काचे नाहीत, असा निकालाचा रोख. गंमत अशी की याच डेटा ईस्टने काही वर्षांपूर्वी आपल्या ‘कराटे चॅम्प’ची नक्कल केली म्हणून एपिक्स कंपनीवर दावा लावला होता आणि १९८८ मध्ये अपिलात ती हरली होती, साधारण याच कारणाने. कराटे कोणाचे नाही. हरलेल्या खटल्याने सहा वर्षांनी तिला वाचवले. ढाक किंवा धोबीपछाड अमुक तालमीचाच, असा दावा आपल्याकडेही कुणी केला नसता.

चोरीवर कॅपकॉमचे खरे उत्तर मात्र कोर्टात नव्हते, सोल्डरिंगमध्ये होते. १९९३ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर दोन’पासून सीपीएस-२ हा नवा बोर्ड आला. त्यातला प्रोग्राम कुलूपबंद लिपीत असतो. कुलपाची किल्ली कायमच्या चिपेत नसून अशा स्मृतीत असते जी वीज असेपर्यंतच टिकते, आणि ती वीज देते बोर्डावरची एक छोटी लिथियम बॅटरी. बॅटरी संपली की किल्ली गेली. चिपा जशाच्या तशा, मजकूर सगळा जागेवर, पण वाचणारे कोणी नाही. खेळणारे अशा बॅटरीला ‘आत्महत्येची बॅटरी’ म्हणतात.

हे मला १९९९ मध्ये माहीत नव्हते. सीपीएस-२ ची नक्कल निघत नव्हती, म्हणून अण्णांनी बावीस हजारांना मुंबईहून ‘सुपर’चा अस्सल जुना बोर्ड आणला होता. निम्मे पैसे उसने. वर्षभराने स्पीकरचा आवाज खरखरू लागला म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला. मी उघडला, धूळ झाडली, एक सैल जोड पक्का केला आणि सहज बॅटरी मोजली. दाब उतरला होता. माझ्या हिशोबाने बॅटरी म्हणजे घड्याळाला असते तशी काहीतरी. मी काढली, दुसऱ्या दिवशी बाजारातून नवी आणून लावली. क्षणभरही वीज न तुटू देता ती बदलायला हवी होती. बोर्ड सुरू केला तर नुसता एकरंगी पडदा. चार दिवस धडपडलो. अण्णांना सांगितले, मी फक्त साफ केला. बॅटरीचा उल्लेख केला नाही, कारण तिचा काही संबंध असेल असे मला खरोखर वाटले नव्हते. निदान तेव्हा मी स्वतःला तसे सांगितले. अण्णा म्हणाले, ‘‘चालता बोर्ड दिला होता.’’ पुढे त्यांनी मला हाक मारली नाही. तीन वर्षांत पार्लर बंद पडले.

२००१ मध्ये काही हौशी मंडळींनी ही लिपी वाचायची वाट शोधली आणि २००७ मध्ये कुलपाची सगळी रचना उलगडली. ते वाचताना बॅटरीचा परिच्छेद आला आणि मी कॅफेतून उठून बाहेर आलो. दोष माझाच होता, आठ वर्षे मी तो नाकारत होतो. तरी लगेच अण्णांकडे गेलो नाही. गेल्या दशकात आणखी एक सोय झाली. साध्या मायक्रोकंट्रोलरला चार तारा जोडून मेलेल्या बोर्डात किल्ली परत लिहिता येऊ लागली. तेव्हा मात्र कारण उरले नाही.

गेल्या वर्षी मी त्यांच्या घरी गेलो. ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येते. बोर्ड माळ्यावर पोत्यात होता. मुलाने काढून दिला. मी सगळे सांगितले. अण्णा म्हणाले, ‘‘बॅटरी बदललीस ते मी त्याच दिवशी पाहिलं होतं. नवी कोरी चमकत होती. तू नाही म्हणालास, त्याचा राग होता.’’ मला उत्तर सुचले नाही.

महिनाभराने नवी बॅटरी, नवी लिहिलेली किल्ली आणि कुठून कुठून जमवलेला खालचा बोर्ड असे सगळे घेऊन मी परत गेलो. त्यांच्या बैठकीत जुन्या मॉनिटरला जोडले. पडदा काळा राहिला, मग अक्षरे आली, मग खेळ आपला आपण चालू लागला. रयूने गोळा सोडला. तो सरळ गेला. अण्णा खुर्ची पुढे ओढून बराच वेळ पाहत होते.

‘‘हा वाकडा जात नाही?’’

‘‘नाही अण्णा. हा अस्सल आहे. आपला होता तो नकली.’’

‘‘मग तो कुठं मिळंल?’’ ते म्हणाले.